पाळीवरून पाहिलेले नवेगाव

शनिवार, 27 डिसेंबर 2025, नवेगावबांध

सकाळी साडेसहाला भंडाऱ्याहून निघालो तेव्हा कारधा पुलावर धुके इतके दाट होते की वैनगंगा डोळ्यांना दिसली नाही, तिचा गार वास तेवढा काचेच्या फटीतून आत आला. गोसेखुर्दच्या धरणात पाणी अडवल्यापासून नदी आमच्या गावाजवळ वाहत नाही, नुसती पसरून उभी राहते. बाबांच्या तरुणपणी उन्हाळ्यात याच पात्रातल्या रेतीत डांगरवाड्या, म्हणजे टरबूज-खरबुजांच्या वाड्या, लागत आणि संध्याकाळी लोक रेतीवर बसायला जात. ती रेती आता पाण्याखाली आहे, आणि मोकळ्या हवेत दोन दिवस काढायचे म्हटले की भंडारेकर नदीकडे पाठ करून तलावांकडे निघतो. आम्हीही तेच केले. बाबांना मागच्या महिन्यात पंचाहत्तरावे लागले. त्यांना दुसरे काही नको होते, नवेगावबांधचा तलाव पुन्हा एकदा पाहायचा होता.

लाखनी मागे पडेपर्यंत धुके उतरले आणि दोन्ही बाजूंच्या बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली शेते, दिसू लागल्या. धान कापून झालेला, चुरणे संपत आलेले आणि खुंटांच्या मधून लाखोरीची डाळ हिरवीगार उठलेली. प्रत्येक उताराच्या वरच्या अंगाला एखादी बोडी, म्हणजे लहान तळे, तिच्या वर तलाव, आणि तलावाच्या वर जंगल. लहानपणापासून हे इतके पाहिले आहे की त्यात काही रचना आहे असे मला कधी वाटलेच नव्हते. जंगलाचे पाणी तलावात उतरते, तलावाचे बोडीत आणि बोडीचे बांधीत. एका पावसाचे पाणी तीन ठिकाणी थांबवून धानाच्या मुळाशी पोचवण्याची ही योजना पंप आणि सिमेंट येण्याच्या कितीतरी आधी कोणीतरी डोळ्यांनी उतार जोखून आखली होती. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. सरकारी कागदांत त्यांचे नाव माजी मालगुजारी तलाव असे आहे (मालगुजार म्हणजे गावाचा सारा गोळा करणारा जमीनदार), आणि त्याच्या आद्याक्षरांवरून सगळे त्यांना मामा तलाव म्हणतात. माझ्या शाळेतल्या मुलांना मामा कोण हे सांगितल्यावर ती नेहमी हसतात, पण नाव पक्के लक्षात ठेवतात.

साकोलीला चहासाठी थांबलो. रस्त्याच्या कडेला एक बाई उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली घेऊन बसली होती. शिंगाडा उकडला की काळा पडतो. त्याच्या दोन शिंगांची टोके बोटाला टोचू नयेत म्हणून ती आधी दाताने मोडायची, मग मधला फुगीर भाग अंगठ्याने दाबायचा, की आतला पांढरा गर सबंध बाहेर येतो. बाबांचे हात आता थरथरतात, तरी त्यांचा एकही गर तुटला नाही. माझे निम्मे तुटले. टरफले त्यांनी रुमालात गोळा केली आणि चहाच्या टपरीवरच्या डब्यात नेऊन टाकली.

कोहमाऱ्याच्या फाट्यावरून वळल्यावर रस्ता जंगलात शिरतो. नवेगावचे राष्ट्रीय उद्यान 1975 सालचे, आणि 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा मिळून व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला, त्यामुळे येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या तोंडी वाघच असतो. विश्रामगृहाच्या आवारात आम्हाला भेटलेल्या दोन कुटुंबांनी तलाव पाहिला का असे विचारल्यावर "हो, गाडीतूनच दिसला" असे सांगितले. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटले. सुमारे 11 चौरस किलोमीटरचे पाणी, भोवती डोंगर, आणि ते गाडीतून पाहून झाले!

दुपारी बाबा झोपले आणि मी एकटी काठाने फिरून आले. मारुती चितमपल्ली वनखात्यात असताना याच पाण्याच्या काठी राहिले, इथल्या पाखरांची आणि झाडांची नावे इथल्या माणसांकडून शिकले आणि ती मराठीला दिली. यंदाच त्यांना पद्मश्री मिळाली आणि जूनमध्ये ते गेले. काठावर बसल्यावर पाण्यात काळ्या ठिपक्यांचा एक मोठा थवा हलताना दिसला. दुर्बिणीतून पाहिले तर प्रत्येक ठिपक्याच्या कपाळावर पांढरा टिळा होता. ते वारकरी. हे नाव ज्या कोणी ठेवले असेल त्याने या पक्ष्याकडे खूप वेळ पाहिले असले पाहिजे, कारण टिळ्याइतकेच त्यांचे एकत्र जाणेही त्या नावात आले आहे: एक पुढे सरकला की सगळा थवा त्याच्यामागे, आणि घार वरून गेली की सगळे एकमेकांना चिकटून उभे.

रविवार, 28 डिसेंबर, सकाळ

पहाटे बाबांनीच उठवले. पाळीवर जायचे होते. तलावाच्या बांधाला इकडे पाळ म्हणतात, आणि इथली पाळ म्हणजे दोन डोंगरांमधल्या खिंडीत घातलेली मातीची भिंत आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी ती घातली. भोवतालच्या सात टेकड्यांना सात बहिणी म्हणतात, आणि कोलू पाटलांना लोकांनी पुढे कोलासुर म्हणून देवपण दिले. तलाव बांधणाऱ्या माणसाचा देव होतो ही गोष्ट मला फार मोठी वाटते. कोहळी समाजाची मंडळी मूळची काशीकडची. चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, गोंड राजाने त्यांना इकडे आणले आणि जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन देण्याचे वचन दिले, अशी कथा आहे. ऊस आणि तलाव ही त्यांची दोन कामे. घाम आमचा, पाणी आमचे, जमीन आमची, असा सरळ व्यवहार असल्यामुळे पाळ फुटली की अख्खे गाव रात्रीतून धावून जात असे, असे बाबा सांगत होते.

ते हे ऐकीव सांगत नव्हते. लाखनी तालुक्यातल्या आमच्या गावच्या तलावावर त्यांनी लहानपणी मातीच्या पाट्या वाहिल्या आहेत. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, आणि ती जायलाच हवी होती, कारण मालगुजाराच्या दारात कुळाला कसे उभे राहावे लागत असे हे आमच्या घराला चांगले ठाऊक आहे. पण तिच्याबरोबर तलावही सरकारजमा झाले, लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले, पाण्यावर पट्टी लागली, आणि पाळीवर माती टाकायला जाणारे गाव अर्ज करून वाट पाहू लागले. आमच्या गावची बोडी मी दहा वर्षांची असताना पोहण्याइतकी खोल होती. तिच्या वरच्या अंगाची जमीन कोणीतरी सपाट करून घेतली, पाण्याची वाट वळली, आणि आज तिच्यात फेब्रुवारीत क्रिकेट खेळतात. बाबांनी तीन वेळा लेखी तक्रार दिली. एकाही अर्जाला उत्तर आले नाही.

पाळीवरून चालताना बाबा दर थोड्या अंतरावर थांबत आणि मला काहीतरी दाखवत. पाणी सोडण्याचे तोंड ते तुडूम, जास्तीचे पाणी निघून जाण्याची वाट ती सलंग. पाळीच्या पाण्याकडच्या अंगाला उतार लांब आणि आडवा का, बाहेरच्या अंगाला झाडे का ठेवायची, आणि कोणते झाड पाळीवर मुळीच येऊ द्यायचे नाही, कारण ते वाळून गेल्यावर त्याच्या मुळाच्या पोकळीतून पाणी वाट काढते. एके ठिकाणी ते खाली वाकले, मूठभर माती उचलली, तिच्यावर थुंकी टाकून बोटांनी मळली आणि तिची वात केली. वात तुटली नाही. "ही पाळीची माती," एवढेच म्हणाले आणि वात माझ्या तळहातावर ठेवली.

काठाला मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजातले एक गृहस्थ डोंग्यातून जाळे उचलत होते. बाबांनी रामराम केला, मग दोघे अर्धा तास बोलत राहिले. वाघाचा विषय एकदाही निघाला नाही. मरळ मासळी किती उरली, पाण्यातले रानटी देवधान कुठे दिसते का, आणि बेशरम किती पसरली, हे त्यांचे विषय. बेशरम म्हणजे ती जांभळ्या फुलांची, कुठेही रुजणारी झुडपे. लोक त्यांचे फोटो काढतात. तिचे रान काठाला माजले की पाण्यातल्या मूळच्या वनस्पती जातात आणि त्यांच्या आडोशाने अंडी घालणारी मासळीही जाते. जिल्ह्यात काही तलावांवर ढीवर बायांनी बेशरम मुळासकट उपटून पाण्यात पुन्हा देशी वनस्पती लावल्या आहेत, चिखलात कमरेपर्यंत उभे राहून. मी मोबाइल काढून पाण्याचा फोटो घेऊ लागले तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, "तलाव पायचा असन त पाळीखाली उतरून मांगं पाय, बाई."

मी उतरले. पाळीच्या मागे पाणी नव्हते, बांध्या होत्या. नजर जाईल तिथपर्यंत उतरत गेलेल्या, प्रत्येकीच्या धुऱ्यावर दव, आणि मधून जाणाऱ्या नहराचा आवाज. सूर्य पाळीच्या वर आला तसे ऊन एकेक बांधी खाली उतरत गेले. तीनशे वर्षे हे पाणी या बाजूला येत आहे आणि मी पाच वेळा इथे येऊन फक्त दुसऱ्या बाजूला उभी राहिले होते. वर पाहिले तर पाळीवर बाबा आणि ते ढीवर शेजारी उभे, आणि त्यांच्यामागे तो अकरा चौरस किलोमीटरचा तलाव आहे हे खालून कळतही नव्हते.

रविवार, रात्री, भंडारा

परतताना शिवनीबांधच्या तलावावर थांबलो. बाबा गाडीतून उतरले नाहीत, दमले होते. काठावर कोणाची तरी सहल आली होती आणि ध्वनिक्षेपकाचा आवाज इतका होता की पाण्यावर एकही पाखरू नव्हते. थर्मोकोलच्या पत्रावळ्या वाऱ्याने पाण्यात सरकत होत्या. मी सात-आठ गोळा केल्या. मग सहलीतली दोन मुले आली आणि काही न बोलता उरलेल्या उचलू लागली. आवाज मात्र तेवढाच राहिला.

कारध्याला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. पुलावर बाबांनी काच खाली करायला सांगितली आणि नदीकडे पाहत विचारले, "उन्हाळ्यात आपल्या बोडीवर जायचं का? माती कोरडी असते तेव्हाच कळतं पाणी कुठून वळलं ते." मी हो म्हटले. मातीची ती वात वाळून आता टेबलावर आहे, मधून एक बारीक चीर गेली आहे, पण तुटलेली नाही. एप्रिलमध्ये शाळेला सुट्टी लागण्याआधी चौथा अर्ज लिहायचा आहे, आणि या वेळी त्याच्यासोबत वरच्या अंगाचा हाताने काढलेला नकाशा जोडायचा आहे.