आमचे सर, तालुक्याचे वकीलसाहेब

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि मला फक्त सर आठवले. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये. तालुका त्यांना आधी वकीलसाहेब आणि मग आमदारसाहेब म्हणू लागला; त्यांच्या नागरिकशास्त्राच्या तासाला बसलेलो आम्ही मात्र शेवटपर्यंत सरच म्हणत राहिलो.

आम्ही आठवीत असताना सरांनी सनद घेतली आणि नोकरी सोडली. शाळा सोडली नाही. 1974 साली कर्नाटकातल्या देवराज अर्स सरकारची, कसेल त्याला जमीन देणारी कूळकायद्यातली दुरुस्ती लागू झाली. 1 मार्च 1974 च्या आधीपासून जमीन कसणाऱ्या कुळाने फॉर्म नंबर सात भरायचा, हे सर गावोगाव सांगत फिरले. रविवारी आपल्या शाळेच्या व्हरांड्यात कुळांची रांग लागायची. सर्व्हे नंबर, चतुःसीमा आम्ही मुलं उतरवून द्यायचो. त्यासाठी सरांनी आमच्याकडून कन्नड घोटून घेतलं. सीमाप्रश्नाच्या सभा गाजवणारे सर आम्हाला बजावायचे, "उतारा वाचता आला नाही तर जमीन हातची जाईल."

कुळांच्या अर्जांवर निकाल देणाऱ्या लँड ट्रिब्युनलपुढे तेव्हा वकिलाला उभं राहायला कायद्यानेच मनाई होती. आमच्या आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी सरांनी त्यांना नववीच्या वर्गात नेलं, स्वतः खुर्चीत ट्रिब्युनलचे प्रांतसाहेब होऊन बसले आणि दरडावून विचारलं, "जमीन कोण कसतं?" आप्पा गप्प. सरांनी पुन्हा विचारलं. खंड किती, पावती आहे का, शेजारी कोण, औत कुणाचं, बी कुणाचं? आप्पा अडखळले की सर थांबायचे, पण उत्तर स्वतः कधी सांगायचे नाहीत. अंधार पडल्यावर शिपाईमामांनी कंदील आणून ठेवला. शेवटी आप्पा टेबलावर हात ठेवून म्हणाले, "साहेब, माझ्या बापापासून आम्हीच कसतोय. बांधावरचा आंबा मी लावलाय, येऊन बघा." सर खुर्चीतून उठले. "आप्पा, उद्या एवढंच बोला."

जमीन आमच्या नावावर झाली. मी वकील झालो तो त्या संध्याकाळमुळे.

पुढे सर, मराठी सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीतर्फे बेंगळूरला विधानसभेत गेले. ज्याला राज्याची भाषा, हिंदी किंवा इंग्रजी यांपैकी कशातच नीट बोलता येत नाही, त्याला अध्यक्षांच्या परवानगीने मातृभाषेत बोलता येतं, अशी घटनेच्या 210 व्या कलमात सोय आहे. सरांना कन्नड उत्तम येत होतं. मराठी माणसाला कागदपत्रं मराठीत मिळाली पाहिजेत, ही मागणी त्यांनी सभागृहात कन्नडमधून मांडली. आपल्या शाळेच्या मागच्या दोन खोल्याही त्यांच्याच काळातल्या. आमदारकी संपली आणि सर दुसऱ्याच आठवड्यात कोर्टाच्या आवारात पुन्हा त्याच बाकावर येऊन बसले.

आता कर्नाटक विधिमंडळाची दुसरी इमारत, सुवर्ण विधानसौध, बेळगावातच आहे, पण 2018 आणि 2023 ला समितीचा एकही माणूस निवडून आला नाही. सीमाप्रश्नावरचा महाराष्ट्राचा 2004 चा दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे. आपल्या शाळेचा पट बघून तर पोटात गोळा येतो. सर असते तर घरोघरी जाऊन मुलं गोळा केली असती.

माझी मुलगी आता माझ्याच ऑफिसात वकिली करते. मुख्याध्यापकांना एक विनंती: नववी-दहावीच्या मुलांना उतारा, नोटीस, अर्ज वाचायला शिकवणारा एक तास शनिवारी ठेवा. शिकवायला आम्ही दोघं येतो.