मेण

त्या मुलीने माझ्या तळहातावर पिवळट दाणे ठेवले तेव्हा मला वाटलं, प्रसादाची बुंदी. हात तोंडापर्यंत गेलाही होता. "मॅम, खायचं नाहीये. बीजवॅक्स आहे, लिप बामसाठी," ती घाईघाईने म्हणाली. मग मी ते नाकापाशी नेलं, आणि पुढची पाच मिनिटं तिने काय शिकवलं ते मला आजही ठाऊक नाही.

पण ते साडेबारा वाजता. त्याआधी दोन तास मी शहाण्यासारखी बसले होते.

कोल्हापुरात राजारामपुरीत एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर हॉल. स्किनकेअर आणि नॅचरल मेकअप, सगळं आपल्या हाताने करून बघायचं. पैसे मुलीने परस्पर भरून टाकले होते, त्यामुळे न जाणं म्हणजे ते बुडवणं. "तुला काय करायचंय, चांगली तर आहेस," असं यांनी मला सोडून स्कूटर वळवता वळवता म्हटलं. यांची कौतुकं अशीच, गाडी चालू असताना. वर सोळाजणी, सोळा गोल आरसे, सोळा हेअरबँड. खालून खारीचा वास. शिकवणारी मुलगी पुण्याची, पंचविशीची, चेहऱ्यावर एकही रेघ नाही. हिला कशाला लागतं हे सगळं, असं प्रत्येकीच्या मनात आलं असणार.

माझ्या शेजारी मंगळवार पेठेतल्या एक काकू होत्या, साठी ओलांडलेल्या. मुलीने विचारलं, "मॉडेल म्हणून कोण पुढे येईल?" काकू म्हणाल्या, "मी येतो की." मुलगी आधी इकडेतिकडे बघायला लागली, कोण पुरुष आलाय म्हणून. आमच्याकडे बायका येतो, जातो, खातोच म्हणतात. पुण्यात चार वर्षं नोकरी केली तेव्हा मी प्रयत्नाने येते-जातेमधली ती 'ते' लावून घेतली, आता कोल्हापुरात माहेरच्या माणसांत बोलताना ती गळून पडते. काकूंची कधी बसलीच नव्हती.

पहिलं काम चेहरा धुणं. म्हणजे आधी टिकली काढणं. कुणी सांगितलं नव्हतं, पण सोळाच्या सोळा बायकांनी टिकली काढली आणि समोरच्या आरशाला चिकटवली. मुलीने कौतुकाने फोटो काढला. मला मात्र परक्या लोकांत कपाळ मोकळं ठेवून बसायचं म्हणजे पदर घसरल्यासारखं होतं. जुना तिढा आहे. रात्री झोपतानाही मी टिकली काढते ती दिवा मालवून. कारण विचारू नका, मलाही अर्धंच माहीत आहे.

मुलगी म्हणाली, मेकअप काढताना आधी तेल, मग फेसवॉश. तेलातलं तेलानेच निघतं, साबणाने नुसतं घासून निघत नाही. काकू लगेच म्हणाल्या, "हे आमच्यात पयल्यापासनं हाय." पुढे दर पाच मिनिटांनी त्या हेच म्हणाल्या. मुलतानी माती आमच्यात पयल्यापासनं, कोरफड पयल्यापासनं, एसपीएफ पन्नास तेवढं त्यांच्यात पयल्यापासनं नव्हतं. मला या वाक्याचा मनापासून कंटाळा आहे. पण तेलाच्या बाबतीत काकू खोटं बोलत नव्हत्या, कारण ते मी डोळ्यांनी बघितलंय.

आमची गल्ली जयप्रभा स्टुडिओपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. गल्लीतले एक काका, एरवी लेथवर काम करणारे, शूटिंग लागलं की गर्दीतला मावळा म्हणून जायचे. सत्तरच्या दशकाचा शेवट असेल. संध्याकाळी ते परत यायचे ते मेकअप तसाच ठेवून. स्टुडिओत पुसायची सोय नसेल असं नाही. त्यांना गल्लीतून तसं चालत यायचं असायचं. जबड्यापर्यंत भाजलेल्या विटेचा रंग, त्याखाली मानेला त्यांचा स्वतःचा. आम्ही पोरं मागे. मग त्यांच्या घरच्या काकू वाटीत खोबरेल आणि धोतराचं फडकं आणून ओट्यावर ठेवायच्या. थंडीत तेल गोठलेलं असलं तर बाटली आधी चुलीपाशी. काका तेल चोपडायचे, चोळायचे, चेहरा आधी बटबटीत व्हायचा, मग सगळा रंग एकत्र होऊन ओघळायला लागायचा, आणि मग एका लांब पुसण्यात मावळा फडक्यावर यायचा. खाली नेहमीचे काका, जरा जास्तच चकाकणारे. आम्हाला दर वेळी वाईट वाटायचं. मला आठवतं, मी एकदा ते फडकं उचलून उलगडून बघितलं होतं, डोळे कुठे आहेत ते.

आता मी कापसाच्या गोल चकतीवर माझा चेहरा उतरवला. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. थोडी धूळ, थोडं काजळ.

मग लिंबाचं प्रकरण झालं. मुलीने बजावून सांगितलं की चेहऱ्याला लिंबू लावायचं नाही. कातडी स्वतः थोडी आंबट असते, पीएच पाचाच्या आसपास, लिंबाचा रस दोनाच्या. आणि लिंबू लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात. काकू उसळल्या. त्यांच्या सासूबाई, त्यांच्या सासूबाई, सगळ्या लिंबू लावून गोऱ्या झालेल्या. मी गप्प बसले, पण माझी मावसबहीण माझ्या डोळ्यांसमोर होती. तिला बघायला येणार त्याच्या आदल्या दिवशी तिने साय आणि लिंबू दोन्ही गालांना लावलं आणि तशीच गच्चीवर सांडगे राखायला बसली. मे महिना. दोन दिवसांत गालावर बोटांच्या आकाराचे तपकिरी पट्टे उठले, कुणी चार बोटांनी थोबाडीत मारावी तसे. पोहे तोंड खाली घालून दिले गेले. स्थळ जमलं. भावोजी अजून सांगतात, "मला वाटलं पोरगी मार खाऊन तयार झालीय, म्हणजे घरचे कडक आहेत."

सनस्क्रीन दोन बोटांच्या लांबीएवढं घ्यायचं, हेही त्या दिवशी कळलं. आजवर मी वाटाण्याएवढं लावून स्वतःला सुरक्षित समजत होते.

मग रंग जुळवणं. मनगटावर नाही, जबड्याच्या कडेला लावून खिडकीच्या उजेडात बघायचं. माझी कुठलीच शेड जुळेना. मुलीने दोन बाटल्यांतलं थोडं थोडं तबकडीवर घोटलं. काकूंनी विचारलं, ह्यो रंग कशाचा? मुलगी म्हणाली, आयर्न ऑक्साइड. पिवळं, तांबडं, काळं, आणि पांढरं टाकून उजळ करायचं.

"म्हंजे गंज," काकू म्हणाल्या.

मुलीला हे आवडलं नाही, पण ती खोटंही ठरवू शकली नाही. लोखंडाचं तेच. तांबड्या मातीला तांबडेपणा येतो तोही त्यानेच. म्हणजे मावळ्याच्या तोंडावरची वीट, माझ्या जबड्यावरचा बोटभर फाउंडेशन आणि आजोबांच्या तालमीतला हौदा, सगळं एकाच घरातलं. आजोबा सत्तरीपर्यंत पहाटे तालमीत जायचे. जोर मारायला नव्हे, पोरांना ओरडायला. हौद्यातल्या मातीत ताक, लिंबू, हळद, तेल घालून ती मळलेली असायची, भाकरीच्या पिठासारखी मऊ. हे सगळं ऐकून माहीत, कारण बायकांनी आत पाऊल टाकायचं नाही. मी दुधाची किटली घेऊन उंबऱ्याबाहेर उभी राहायची, तिथून फक्त वास यायचा. कुठल्याही फेसपॅकला अजून तो आलेला नाही. घरी आले तरी आजोबांच्या कानामागे माती राहिलेली असायची. आजी म्हणायची, "निम्मी तालीम घरात आणली." आजोबा फार मोठे पैलवान होते असं आमच्या घरात सांगतात. खासबाग मैदानात मात्र त्यांनी कुस्त्या फक्त बघितल्या, हेही मला माहीत आहे.

आणि मग ते दाणे.

मेणाला मधाचा वास येतो असं म्हणतात. मला येतो तो लाकडाचा, फणेरपेटीच्या आतल्या लाकडाचा. आजीची फणेरपेटी कोनाड्यात असायची. झाकण उघडून तिरकं टेकवलं की आतला आरसा, आरशाला पारा उडून पडलेले डाग, खाली लाकडी करंडा. करंड्यात पिंजर, आणि शेजारच्या छोट्या डबीत मेण. अंघोळ करून आली की आजी उकिडवी बसायची. उजव्या हाताचं मधलं बोट मेणावर फिरवून फिरवून ते मऊ करायची, कपाळावर गोल घ्यायची, न बघता. आरसा असून ती त्यात बघायची नाही, आरसा पुढच्या कामासाठी. मग त्याच बोटाने पिंजर घेऊन मेणावर दाबायची, आणि लुगड्याच्या पदराने नाकावर सांडलेलं झटकायची. आता आरशात बघायची. अर्धं मिनिट. रुपयाएवढं कुंकू, कडा अशी की परकाराने काढावी.

बामसाठी आम्ही ते दाणे वाटीत घेऊन उकळत्या पाण्यावर धरले. बासष्ट-त्रेसष्ट अंशांना मेण वितळतं, मुलगी म्हणाली. आजीचं बोटाला वितळायचं. वितळायचं म्हणजे, मऊ व्हायचं.

१९८६ च्या श्रावणात आजोबा गेले. त्या दिवशी बायकांनी आतल्या खोलीत काय केलं ते मी बघितलं नाही, मला शेजारी पाठवलं होतं. परत आले तेव्हा कोनाड्यात फणेरपेटी नव्हती. आजी भिंतीला टेकून बसलेली, आणि तिच्या कपाळाच्या मधोमध एक गोल. फिकट. साठ वर्षं उन्हापासून झाकलेली तेवढी जागा बाकीच्या चेहऱ्यापेक्षा गोरी राहिली होती. लोक सांत्वनाला यायचे आणि मी त्या गोलाकडे बघायची. कुंकू पुसलं म्हणतात, पण ते पुसलं गेलंच नव्हतं, फक्त रंग बदलला होता. मग आजी परड्यात शेण्या लावायला, वाळवणं राखायला उन्हात बसायला लागली, दोन उन्हाळे गेले, आणि तो गोल हळूहळू चेहऱ्यात मिसळून गेला.

मेणाची डबी पुढे वर्षभराने मला सापडली, शिवणाच्या डब्यात. वाकळ शिवताना आजी दोरा त्या मेणावरून ओढून घ्यायची, म्हणजे गुंतत नाही. मेणावर दोऱ्याच्या बारीक चिरा पडलेल्या. मी विचारलं, ह्ये त्येच काय गं? "त्येच. वाया कशाला घालवायचं?" ती म्हणाली.

आमच्याच जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. पेपर वाचून यांनी मला हाक मारली होती. मी पोळ्या करत होते. मी हं म्हटलं.

"काहीच केलं नाही असं दिसलं पाहिजे," मुलगी सगळ्यांना सांगत होती. "त्यालाच नो-मेकअप लूक म्हणतात. सगळ्यात अवघड तोच." त्यासाठी मी मोजल्या, नऊ वस्तू लागल्या. आजीला त्या लुकासाठी काही आणावं लागलं नाही. चार बायकांनी मिळून दहा मिनिटांत करून दिला.

हे मी तिथे बोलले नाही. रविवार सकाळ होती, बायका हौसेने आल्या होत्या, काकूंच्या गालावर बिटाचा रंग खरंच छान दिसत होता आणि त्या आरशात स्वतःकडे बघून लाजत होत्या. माझ्या कपाळावर टिकलीच्या डिंकाने पडलेला एक पांढुरका ठिपका आहे. मुलीने तो कन्सीलरने झाकला, वरून बोटाने थापटलं. थापटताना तिने माझी हनुवटी धरली होती. माझी हनुवटी अशी याआधी कुणी धरली ते आठवेना. आई वेणी घालताना धरायची बहुतेक, मान सरळ ठेव म्हणून.

"झालं मॅम. बघा, काही लावल्यासारखं वाटतंय?"

नव्हतं वाटत.

यांना यायला वेळ होता, म्हणून रिक्षा करून महाद्वार रोडला उतरले. एका जुन्या दुकानात गेले, हळदकुंकू, कापूर, वाती असं विकणारं. गल्ल्यावर म्हातारे मालक. म्हटलं, "पिंजर द्या पाव किलोतलं थोडं, आणि कपाळाला लावायचं मेण आहे का?"

त्यांनी वर बघितलं. चेहऱ्याकडे, मग जरा वर. मग पटकन खाली, वजनाकडे. आवाज खाली आणून विचारलं, "कुणासाठी पाहिजे बाई?"

तेव्हा माझा हात कपाळाला गेला. टिकली राजारामपुरीतच, आरशाला.

"मलाच," मी म्हटलं.

ते क्षणभर थांबले. मग मागे वळून फळीवरच्या डब्यात चाचपडत राहिले, बराच वेळ, आणि कागदात गुंडाळलेली एक छोटी वडी काढून काउंटरवर ठेवली.

"वीस रुपये."