तुम्ही विचारलंत म्हणून: दोन्ही कशाला?

अधिसभेची बैठक संपून चहा सुरू झाला की, कुणाच्या लग्नात, मारुती चौकात कुणी ओळखीचं भेटलं की, प्रश्न ठरलेला. "मॅडम, प्र-कुलगुरू आहात, मग ते सेन्सर आणि प्रोजेक्टर लावून, माणसाच्या स्पर्शानं बदलणाऱ्या कलाकृतींचं काम कशाला? एक काहीतरी नीट करा की." कलावंत मित्रमैत्रिणी तेच उलटं विचारतात. हातात कला आहे, मग फायलींत का बसतेस? आजवर दोघांनाही मी हसून टाळलं. आता लिहूनच टाकते.

असं कुणी करत नाही, हे आधी मनातून काढा. जेफ्री शॉ या कलावंतानं १९८९ मध्ये 'लेजिबल सिटी' हे काम केलं. प्रेक्षकानं जागच्या जागी सायकल चालवायची आणि पडद्यावर अक्षरांच्या इमारतींचं शहर फिरायचं. याच माणसानं पुढे जर्मनीत कार्ल्सरूहच्या झेडकेएम या कला आणि माध्यम केंद्रात दृश्य माध्यमांची संस्था उभी केली आणि २००९ पासून हाँगकाँगच्या विद्यापीठात अधिष्ठातापद सांभाळलं. क्रिस्टा सोमरर आणि लॉरां मिन्योनो या कलावंत जोडीच्या १९९२ च्या कामात कुंडीतल्या खऱ्या रोपाला हात लावला की पडद्यावर झाडं वाढतात. दोघंही ऑस्ट्रियातल्या लिंझच्या कला विद्यापीठात विभाग चालवत आले. संगणकावर कला करणारे जॉन माएदा २००८ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या डिझाइन विद्यालयाचे अध्यक्ष झाले आणि २०११ मध्ये तिथल्या प्राध्यापकांनीच त्यांच्यावर अविश्वास दाखवला. तेही मी विसरलेले नाही.

आता माझं कारण. चित्र एकदा भिंतीवर लागलं की चित्रकाराची त्याला गरज उरत नाही. आमच्या कामाला माणूस लागतो, वीज लागते, बंद पडल्यावर चालू करणारं कुणीतरी लागतं. माणसाची हालचाल टिपणाऱ्या किनेक्ट कॅमेऱ्याचं उत्पादन २०१७ मध्ये थांबलं आणि त्या कॅमेऱ्यावर उभी केलेली कामं एकेक करून अडचणीत आली. सांगलीत अशा कामाला वर्षभर खोली आणि तंत्रज्ञ देईल असं विद्यापीठाशिवाय मला तरी कुणी दिसत नाही. आणि विद्यापीठात कुणीतरी वित्त समितीला पटवावं लागतं की प्रोजेक्टरचा दिवा हा दरवर्षीचा खर्च आहे, एकदाच करून मोकळं होण्याचा नव्हे. ते मी पटवलं. त्या खुर्चीत नसते तर पटवता आलं नसतं.

पूर्वी मीच वर्गात ठासून सांगायचे, की ज्यांचं काम आटतं ते प्रशासनात जातात. ती तरुण बाई आजही माझ्याशी भांडते. तिचं सगळंच चुकीचं होतं असं मला म्हणता येत नाही. सकाळी आठला कोड लिहायला बसायची माझी सवय गेली ती गेलीच. आता विद्यार्थी लिहितात, मी वाचते.

पण तुम्हाला खरं विचारायचं असतं ते माझ्या कामाच्या उद्घाटनाच्या दिवसाबद्दल. स्वतःचंच काम सोडून बाई निघून गेल्या, हे गावभर झालं.

काम २०१९ च्या पुरावरचं होतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, हे सांगलीकराला सांगायला नको. आम्ही भिंतीवर गल्ल्यांची, रस्त्यांची नावं लिहिली होती. गावभाग, खणभाग, दत्त-मारुती रोड, शामरावनगर. नावावर हात ठेवला की खोलीभर निळसर उजेड चढत जायचा आणि तिथे पाणी जिथवर आलं होतं तिथे, तुमच्या अंगावर थांबायचा. उंची आम्ही लोकांना विचारून, भिंतींवरच्या खुणा मोजून घेतली होती.

गावभागातल्या एक आजी आल्या. हात ठेवला. उजेड गुडघ्यावरून कमरेवर, मग गळ्याशी येऊन थांबला. त्यांनी हात काढला नाही. लॅपटॉपवर बसलेल्या मुलाला म्हणाल्या, "अजून वर घे की बाळा. दोन बोटं." आणि हनुवटीखाली दोन बोटं आडवी धरून दाखवली.

तेवढ्यात परीक्षा विभागाचा फोन आला. शेवटच्या वर्षाचा निकाल चुकीच्या गुणांनी लागला होता. मुलं फाटकाशी जमली होती, पदव्युत्तर प्रवेशाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. कुलगुरू बाहेरगावी, म्हणजे निकाल मागे घ्यायला सही माझीच. मी गेले. रात्री उशिरा दुरुस्त निकाल लागला, मुलांचे अर्ज भरले गेले. तो निर्णय पुन्हा घ्यायची वेळ आली तरी मी हेच करेन, आणि त्यावर माझ्याशी वाद घालू नका.

पण जिने माझ्या कामाला पहिल्यांदा खरं उत्तर दिलं, तिचं पुढचं बोलणं मी ऐकलं नाही. मुलानं ऐकलं. त्यानं कोडमधला आकडा बदलला, आजी पुन्हा उभ्या राहिल्या आणि मग घरातलं काय काय वाहून गेलं ते बराच वेळ सांगत बसल्या. त्याला तोंडपाठ आहे सगळं. मला त्याचा हेवा वाटतो, आजही. काम माझ्याशिवाय चाललं, सुधारलं, मग संस्थेचा उपयोग हाच ना, असं मी स्वतःला समजावते. हे उत्तर माझ्या किती सोयीचं आहे तेही मला दिसतं. माझं आधीचं रूप विचारतं, आजींसमोर उभं राहायचं नसेल तर ती खोली बांधलीस कशाला? त्यावर माझ्याकडे फक्त त्या मुलांचे भरलेले अर्ज आहेत. तिला ते पुरत नाहीत. मला काही दिवस पुरतात, काही दिवस नाही.

कुलगुरूंच्या मुदतीबरोबर माझीही मुदत संपते. पुढच्या पदासाठी अर्ज करा, असं काहीजण म्हणतात. अजून ठरवलेलं नाही. त्याआधी नव्या कॅमेऱ्यांची निविदा काढायची आहे, आणि खणभागातल्या दोन घरांनी त्यांची उंची चुकली म्हणून कळवलंय, तिथे टेप घेऊन या वेळी मी स्वतः जाणार आहे.