तुम्ही विचारलंत म्हणून: ती जुनी लॉरा अजून का?

"एवढ्या पैशांत नवी कोरी गाडी आली असती, मग ही जुनी स्कोडा का घेतलीस?" हा प्रश्न मला 2018 पासून विचारला जातो. आमच्या कोल्हापुरातल्या 2021 च्या महापुरानंतर त्याला पुढचा प्रश्न जोडला गेला: "आणि आता तरी ती का विकत नाहीस?" लग्नकार्यात, शिरोलीतल्या आमच्या फौंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या, गेटवर आणि पेट्रोल पंपावर उभ्या उभ्या मी दिलेली उत्तरे कोणालाच पटलेली नाहीत. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

गाडी 2012 ची स्कोडा लॉरा आहे, म्हणजे स्कोडाच्याच ऑक्टाव्हियाची दुसरी पिढी. तिचे 1.8 लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन 160 पीएस (अश्वशक्ती) ताकद आणि 250 न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते, आणि गिअरबॉक्स सहा गिअरचा, हाताने बदलायचा आहे. मी ती सव्वाचार लाखांना घेतली. त्या रकमेत तेव्हा नवी छोटी हॅचबॅक येत होती, हे मला माहीत होते आणि मी तो हिशेब केलाही होता. त्या वर्षी आपल्या देशात नव्या गाडीत चालकाची एअरबॅगसुद्धा सक्तीची नव्हती. ती सक्ती जुलै 2019 मध्ये आली. ज्या किमतीत नव्या गाडीचे सर्वांत खालचे मॉडेल मिळत होते, त्याच किमतीत मला एअरबॅग असलेली, भक्कम बांधणीची, मागच्या काचेसकट पूर्ण उघडणारी आणि 560 लिटरची डिकी असलेली गाडी मिळाली. सासूबाईंची व्हीलचेअर आणि चौघांच्या बॅगा त्या डिकीत एकावेळी बसतात. मोठ्या कुटुंबाची गाडी म्हणून तिच्यात काय कमी आहे, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

यावर सगळे मायलेज काढतात. शहरात ती लिटरला दहा-अकरा किलोमीटर देते आणि हायवेवर चौदापर्यंत जाते. पेट्रोलने शंभरी ओलांडल्यापासून हे बोचते, आणि बोचत नाही असे मी कधीच म्हटलेले नाही. पण वर्षाचा एकूण खर्च मांडताना नव्या गाडीचे हप्ते आणि पहिल्या तीन-चार वर्षांत तिची उतरणारी किंमत धरायची नाही, फक्त माझ्या पेट्रोलचे बिल धरायचे, हा हिशेब मला मान्य नाही.

दुसरा आक्षेप देखभालीचा. मी फौंड्रीत गुणवत्ता विभागात काम करते, त्यामुळे या इंजिनाचा ब्लॉक ग्रे कास्ट आयर्नचा, म्हणजे ओतीव बिडाचा आहे, हे वाचून मला विशेष आपुलकी वाटली होती. पण आपुलकीवर मी गाडी घेतली नाही. या घराण्यातल्या सुरुवातीच्या इंजिनांचा टायमिंग चेन टेन्शनर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताळमेळ राखणारी साखळी ताणून धरणारा भाग, जगभर बदनाम आहे. तो निकामी झाला की चेन दात सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. म्हणून गाडी ताब्यात घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात सुधारित टेन्शनर आणि नवी चेन बसवून घेतली, आणि तो खर्च मी आधीच किमतीत धरला होता. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जात असल्याने इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर कार्बन साठतो. तो अधूनमधून काढावा लागतो. जुनी गाडी घेणाऱ्याने एवढे वाचूनच पैसे मोजावेत. असे वाचून घेतलेल्या गाडीला जुगार म्हणणाऱ्यांशी मी वाद घालते.

आता ताकदीबद्दल. "बाईमाणसाला एवढी पळणारी गाडी कशाला?" असे मला तोंडावर विचारले गेले आहे. पूर्वी मी याला एकच उत्तर देत असे, सुरक्षिततेचे, आणि ते उत्तर आजही खरे आहे. माझे माहेर राधानगरी तालुक्यात आहे. गळीत हंगामात परिते गावाच्या बाजूने जाताना दोन ट्रॉल्या जोडलेले, मागे दिवा नसलेले उसाचे ट्रॅक्टर रस्ता व्यापून चाललेले असतात आणि ओव्हरटेक करायला मिळणारी मोकळी जागा थोडी असते. समोरून येणारी गाडी आणि आपण, दोघेही ताशी 80 किलोमीटरने जात असू, तर दोघांमधले अंतर सेकंदाला 44 मीटरने कमी होते. ओव्हरटेक दोन सेकंद लवकर संपला, तर जवळजवळ नव्वद मीटर रस्ता हाताशी राहतो. लॉराचा पूर्ण टॉर्क 1500 आरपीएमपासून (इंजिनाच्या मिनिटाला 1500 फेऱ्यांपासून) मिळतो, त्यामुळे गिअर उतरवण्याची धांदल न करता ती निघून जाते.

मात्र हे उत्तर देताना मी अर्धेच बोलत होते. उरलेले अर्धे असे की मला ती चालवायला मनापासून आवडते. गगनबावड्याच्या वळणांवर तिसऱ्या गिअरमध्ये ती ज्या निश्चिंतपणे वळते, त्याचा आनंद मला हवा असतो, आणि त्या आनंदाला सुरक्षिततेचे पांघरूण घालायचे मी आता बंद केले आहे. कुटुंबाची गाडी निवडताना मागे बसणाऱ्यांचे गुडघे, डिकी आणि मायलेज यांचा विचार होतो; चालवणारी बाईही त्याच कुटुंबातली आहे, याचा विचार कोणी करत नाही.

आणि आता पूर. शाहूपुरीत आमची इमारत व्हीनस कॉर्नरपासून जवळ आहे. पंचगंगा चढली की जयंती नाल्याचे पाणी उलटे फिरून आमच्याकडे येते. नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे आकडे इथल्या पोरांनाही पाठ आहेत. 2019 मध्ये नदी 55 फुटांच्या वर गेली, तेव्हा पाणी आमच्या फाटकाच्या पायरीवर थांबले होते, म्हणून 2021 च्या जुलैत आम्ही त्या खुणेवर विसंबून होतो. पण या वेळी पाणी फार झपाट्याने वाढले. सासूबाईंना वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे पोहोचवून आम्ही खाली आलो, तेव्हा गल्लीत गुडघाभर पाणी होते आणि कोपऱ्यावरच्या उतारात त्याहून खोल होते.

चावी माझ्या हातात होती. यजमान म्हणाले, "अजून निघेल, काढ." मी काढली नाही. चालू इंजिनाने हवेच्या वाटेने पाणी ओढले, तर ते सिलिंडरमध्ये दाबले जात नाही. पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. शिवाय पाण्यात चालू केल्याने झालेले इंजिनाचे नुकसान साध्या विमा पॉलिसीत धरले जात नाही. मी बॅटरीची वायर काढली आणि वर गेले. थोड्या वेळाने शेजारच्या इमारतीतली एक गाडी बाहेर पडली आणि कोपऱ्यावर बंद पडली. तरीही जिन्यात उभे राहून आपली गाडी सीटपर्यंत बुडताना पाहणे किती कठीण असते, हे मी कोणाला नीट सांगू शकलेले नाही.

पाणी ओसरल्यावर गाडी टो करून उद्यमनगरातल्या गॅरेजमध्ये नेली. स्पार्क प्लग काढून क्रँक हाताने फिरवला. सिलिंडर कोरडे होते आणि तेल दुधाळ झालेले नव्हते, म्हणजे त्यात पाणी मिसळलेले नव्हते. इंजिन वाचले होते. वायरिंग, सीट आणि जमिनीलगतची सगळी इलेक्ट्रॉनिक्स मात्र चिखलात गेली होती. विम्याची ठरलेली किंमत अडीच लाख आणि दुरुस्तीचे अंदाजपत्रक साडेतीन लाखांच्या पुढे. दुरुस्ती ठरलेल्या किमतीच्या 75 टक्क्यांच्या वर गेली की गाडी पूर्ण नुकसानीत धरतात. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने दोन पर्याय सांगितले: गाडी सोडून पूर्ण रक्कम घ्या, किंवा भंगाराची किंमत वजा करून उरलेली रक्कम आणि गाडी दोन्ही ठेवा.

घरात सगळ्यांचे मत पहिल्या पर्यायाला होते. यजमान पैशांचा हिशेब मांडत होते आणि तो बरोबरही होता. धाकट्या बहिणीने मात्र फोनवर विचारले, "ताई, बुडालेल्या गाडीत तू मुलांना बसवणार?" बाकीच्यांच्या शंभर प्रश्नांची उत्तरे माझ्याकडे होती, या एकाचे नव्हते. मेस्त्रींना विचारले, तर ते म्हणाले, "वहिनी, गाडी वाचंल. पण वायरिंगची गॅरंटी मी देणार न्हाई."

मी गाडी ठेवली. भंगाराचे सत्तर हजार आणि दोन हजारांची सक्तीची वजावट जाऊन 1,78,000 रुपये हातात आले, आणि ते सगळे दुरुस्तीत घालून वर आमचेही घातले. गालिचे आणि सीट पूर्ण बाहेर काढून, ऑगस्टच्या दमट हवेत वाळेनात म्हणून, परवानगी घेऊन फौंड्रीतल्या कोअर ओव्हनशेजारच्या (साच्यांचे गाभे भाजण्याच्या भट्टीशेजारच्या) कोरड्या शेडमध्ये ठेवली. इंजिन आणि गिअरबॉक्सचे तेल, ब्रेकचे तेल आणि टाकीतले पेट्रोल बदलले. मधल्या कन्सोलखालचे एअरबॅगचे मॉड्यूल नवे घेतले, आणि त्या एका वस्तूसाठी जुन्या बाजारातला स्वस्त पर्याय ऐकूनही घेतला नाही. सीटखालचे एअरबॅगचे पिवळे कनेक्टर एकेक करून तपासले आणि जिथे हिरवट थर दिसला तिथे कापून नवे जोडले. मुलांना मी तिच्यात बसवले ते हे सगळे झाल्यावर आणि स्कॅनरवर एकही दोष न उरल्यावर.

एवढे करूनही बहिणीच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. पाण्यात गेलेल्या तारेचा गंज वर्षांनीही उगवू शकतो, म्हणून दर पावसाळ्यानंतर मी ते कनेक्टर उघडून पाहते आणि मुसळधार पावसात रात्रीच्या लांब प्रवासाला गाडी काढत नाही. यावर यजमान म्हणतात, "जिच्यावर एवढा विश्वास आहे तिची एवढी तपासणी कशाला?" माझ्या कामात विश्वास तपासणीनंतरच येतो, त्यामुळे हा आक्षेप मला कळतच नाही. पण पावसाच्या रात्री मी गाडी काढत नाही याला विश्वास म्हणता येईल का, हे त्यांनी विचारले की मी गप्प होते.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करते. 2018 मधले माझे एअरबॅगचे कारण आज तितके लागू नाही. नव्या छोट्या गाड्या त्या बाबतीत पुष्कळ सुधारल्या आहेत. आज कोणी मला विचारले की एवढ्याच पैशांत अशीच गाडी घेऊ का, तर मी "घ्या" असे लगेच म्हणणार नाही. सर्व्हिसची कागदपत्रे, चेनचे काम आणि सीटखालच्या लोखंडी पट्ट्या तुम्ही स्वतः पाहिल्या आहेत का, हे आधी विचारीन. कारण 2019 आणि 2021 नंतर आपल्या भागातल्या बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून विकल्या गेल्या, त्यांच्यावर तशी खूण लिहिलेली नसते. माझ्या गाडीवरही नाही, आणि म्हणूनच मी ती न सांगता कोणाला विकू शकत नाही. सांगून विकायची, तर भंगाराच्याच भावाने जाईल.

2027 मध्ये तिच्या नोंदणीला पंधरा वर्षे होतील. तेव्हा तपासणी, फेरनोंदणी आणि पर्यावरण कर यांचा खर्च येईल. यजमानांच्या मते ती तिची शेवटची तारीख आहे. माझ्या मते तपासणीचा निकाल हातात आल्यावर ते ठरवावे. त्याच वर्षी थोरली अठरा पूर्ण करते आणि तिला गाडी शिकायची आहे. कोणत्या गाडीवर, यावर आमच्या घरात अद्याप एकमत नाही.