बावीच्या काठावर निवडलेला रॉड

मालवणात माझं मासे गरवायच्या सामानाचं लहानसं दुकान आहे: गरी (गळाचा काटा), तंगूस (गळाची दोरी), शिसं, रीळ आणि रॉड. विक्रीपेक्षा दुरुस्ती जास्त. पावसाळा संपत आला की लोक गंजलेली रिळं आणि टोक मोडलेले रॉड घेऊन येतात. गेल्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात माझे एक जुने गिऱ्हाईक आले, त्यांना मी काका म्हणतो. सोबत अमेरिकेहून आलेले जावई होते. जावयांनी पिशवीतून तीन रॉड काढून काउंटरवर ठेवले आणि मी बघतच राहिलो. सर्वांत लांब रॉडसुद्धा जेमतेम तीन फुटांचा, म्हणजे छत्रीएवढा.

मुलगी-जावई मिनेसोटात असतात. काका आदल्या हिवाळ्यात तिकडे गेले होते आणि जावयांनी त्यांना गोठलेल्या तळ्यावर गरवायला नेलं होतं. बर्फात गिरमिटानं वीतभर रुंदीचं भोक पाडायचं, वर छोटा तंबू लावायचा, आणि स्टुलावर बसून गळ सरळ खाली सोडायचा. भोक पायाशीच, म्हणून रॉड आखूड. मासे म्हणजे ब्लूगिल, क्रॅपी, पिवळा पर्च. सगळ्यांना मिळून तिकडे 'पॅनफिश' म्हणतात, तव्यात अख्खा मावणारा मासा. ब्लूगिल तर आपल्या काळुंदरासारखाच पसरट.

काकांची सगळी हयात गरवण्यात गेली. अंधारात, नुसत्या बोटावरच्या तंगुसावर कुठला मासा लागलाय ते सांगणारा माणूस. त्यांना दोन दिवसांत एक मासा मिळाला नव्हता. "माशान खाल्ल्यान, पण माका काय कळूक नाय," ते म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं. डिसेंबरात पुन्हा जायचं होतं. "ह्यातलो खयचो न्हेऊ तां तू सांग."

मी खोली विचारली. पस्तीस फूट, म्हणजे सहा वाव. आपल्याकडे सहा वावांना कोणी खोल म्हणत नाही, म्हणून मी समुद्राच्या सवयीनं मधला, अठ्ठावीस इंची रॉड उचलला. खालचा अर्धा भाग कडक, टोकाकडचे चार-पाच इंच तेवढे नरम. चोवीस इंची रॉड मोठ्या माशाचा होता, तो लगेच बाजूला ठेवला. तिसरा छत्तीस इंची आणि मुळापासून लवचीक, शेवग्याच्या कोवळ्या फांदीसारखा. काका तोच वापरत होते. मी म्हटलं, "मधला न्या." जावयांनी मग खिशातून डबी काढून त्यातली जिग माझ्या तळहातावर ठेवली. मुगाच्या दाण्याएवढा रंगवलेला मणी आणि त्याला चिकटलेली गरी. वजन साधारण एक ग्रॅम.

आमचं खोल पाण्यातलं शिसं दोनशे ग्रॅमचं असतं. एक ग्रॅमवर रॉड निवडायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. पैसे न घेता मी म्हटलं, उद्या घरी येतो, बघून सांगतो.

काकांच्या परसात चिऱ्यांनी बांधलेली बाव, म्हणजे विहीर आहे. चतुर्थीच्या सुमारास ती काठोकाठ भरते आणि तळ चाळीस फुटांवर असतो. वारा नाही, ओढ नाही, दोरी सरळ खाली. बर्फातल्या भोकाच्या इतकं जवळ जाणारं दुसरं काही कोकणात मला तरी सुचत नाही. पिण्याचं पाणी, म्हणून काकींनी सगळं सामान आधी गरम पाण्यानं धुवायला लावलं. गरीचं टोकही मी कापून टाकलं.

जिगला शिवणाचा एक बारीक दोरा बांधून त्याचं दुसरं टोक नातवाकडे दिलं आणि त्याला रहाटाच्या खांबाआड उभं केलं. त्यानं मनात येईल तेव्हा जिग दोन बोटं वर उचलायची, बोलायचं नाही. यामागे कारण होतं. जावई सांगत होते की क्रॅपी बरेचदा खालून वर येऊन आमिष घेतो, ओढ लागतच नाही, उलट भार हलका होतो. बर्फाखाली खोल भागात पाणी चार अंशांच्या आसपास असतं (पाणी त्याच तापमानाला सर्वांत जड, म्हणून तळाशी तेच राहतं), आणि त्या गारठ्यात मासा सुस्तावतो. तो हिसका देत नाही, नुसता तोंडात घेतो आणि थुंकतो. काकांचं बोट ओढीची वाट बघत होतं, तेही हातमोज्यात.

माझ्या मधल्या रॉडवर नातवानं दहादा जिग उचलली. मला तीनदा कळलं. एका ग्रॅमनं टोक वाकतच नव्हतं, मग भार गेल्यावर ते सरळ कुठून होणार? काकांचा लवचीक रॉड लावला, दहाच्या दहा दिसले. जावई माझ्याकडे बघू लागले. मग बिघडलं कुठे?

पस्तीस फूट तंगूस अंगणात आडवा ताणला. नातवानं शेवट दोन बोटांत धरून डोळे मिटले आणि मी मासा मारतात तसा मनगटानं झटका दिला. लवचीक रॉड अर्ध्यातून वाकला, तंगूस ताणला गेला, आणि नातू तसाच उभा. "माझ्या हाताक काय लागूक नाय." मधल्या रॉडनं त्याच्या बोटांतून तंगूस निसटला. म्हणजे काकांना मासा दिसलाही असता, तरी गरी त्याच्या तोंडात रुतलीच नसती. झटका सगळा वाटेत विरत होता.

मी बराच वेळ पायरीवर बसलो होतो. मग जावयांच्या डबीतली मोठी जिग मागितली, पावणेदोन-दोन ग्रॅमची. टंगस्टनची, शिशाच्या पावणेदोनपट घन, म्हणून आकार अजूनही बारीकच. मधल्या रॉडला लावून बावीत सोडली, तशी ती पहिलीपेक्षा कितीतरी लवकर तळाकडे गेली. रॉडचं टोक सुपारीच्या जाडीइतकं खाली झुकून थांबलं, आणि नातवानं उचलल्याबरोबर हलकेच सरळ झालं. दहात नऊ. रॉड तोच, ज्याच्यावर मघाशी तीन दिसले होते. खोल पाण्यासाठी रॉड निवडताना आधी जिगचं वजन ठरवायचं आणि त्या वजनानं ज्याचं टोक जरासं, जेमतेम झुकेल तो घ्यायचा. उरलेली काठी मात्र कडक हवी. हे मला त्या पायरीवर कळलं.

एक गोष्ट अजून दिसली. पाण्याखाली हातभर धरलेली जिग आपोआप गरगर फिरत होती. साध्या रिळावर तंगुसाला पीळ पडतो, त्याचा हा परिणाम. सावध मासा अशा भोवऱ्याला तोंड लावत नाही. तिकडे सरळ गुंडाळणारं रीळ मिळतं ते घ्या, आणि नायलॉनऐवजी तीन पौंडांचा ताण सोसणारा फ्लुरोकार्बनचा तंगूस भरा, असं मी जावयांना सांगितलं. फ्लुरोकार्बन नायलॉनपेक्षा जड, पाणीही शोषत नाही. विणलेली दोरी पाणी धरते आणि उघड्यावर गोठते.

निघताना काकांनी मला विचारलं, लहान मासा लागला तर सोडून द्यावा ना? मी म्हटलं, काका, खोलातून वर आलेल्या हेकराचं पोट तोंडातून बाहेर आलेलं तुम्हीच मला दाखवलं होतं. दहा मीटरवर दाब दुप्पट असतो. वर आणताना माशाच्या आतली हवेची पिशवी फुगते, आणि सोडलेला मासा बहुधा जगत नाही. लागेल तो ठेवायचा आणि घरापुरते झाले की गळ गुंडाळायचा.

जानेवारीत एका रात्री साडेआठला फोन आला. तिकडे सकाळचे नऊ वाजले होते. तंबूत शेगडीचा आवाज येत होता. "टोक वर इलां रे," काका ओरडत होते, "ओढ नाय, काय नाय, नुसतां वर इलां, आणि मी मारलंय!" मी किती मिळाले विचारलं. सहा क्रॅपी. दहापर्यंत न्यायची परवानगी होती, पण घरात माणसं पाच, म्हणून त्यांनी गळ गुंडाळला होता. मागून जावई विचारत होते, तिरफळं घालून करायचे की नुसते तळायचे.