जानापावची संध्याकाळ आणि चार सेकंदांचा घोळ

दिवाळीनंतरच्या शनिवारी महूच्या मावसभावाला घेऊन इंदूरजवळच्या जानापाव डोंगरावर गेलो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक व्हिडिओत पकडायचं आणि ताऱ्यांवरून त्याची जागा काढायची, एवढाच बेत. इंदूरहून आग्रा-मुंबई रस्त्यानं महूच्या पुढे जायचं. वर परशुरामाच्या मंदिरापर्यंत गाडी जाते. मंदिरातल्या मंडळींना आधी सांगून ठेवा. अंधारात ट्रायपॉड लावून बसलेली माणसं बघून कोणालाही शंका येणारच.

सूर्य पावणेसहाला मावळला, स्थानकाची आपल्या आकाशातून जाणारी फेरी पावणेसातची होती. स्थानक उन्हानं चमकतं तेव्हाच दिसतं; खाली अंधार आणि चारशे किलोमीटर वर अजून ऊन, अशी वेळ तास-दीड तासच मिळते. साधा डीएसएलआर, ५० मिमीची लेन्स, सेकंदाला २५ फ्रेम. ऑटोफोकस बंदच ठेवा. अभिजित ताऱ्यावर हातानं फोकस करायचा आणि रिंगला चिकटपट्टी लावायची. कॅमेरा हलवायचा नाही. तो श्रवण ताऱ्यावर रोखून ठेवला की स्थानक पंचवीस-तीस सेकंदांत चौकट ओलांडून जातं. ते नैऋत्येकडून आलं, डोक्यावरून गेलं आणि ईशान्येला क्षितिजाच्या दोन मुठी (हात लांब करून धरलेल्या) वर असताना पृथ्वीच्या सावलीत शिरून विझलं. भाऊ म्हणाला, "दादा, गेलं कुठे?"

खरी गंमत घरी आल्यावर. माझ्या हिशेबानं स्थानक अंदाजित जागेपेक्षा तीस किलोमीटर मागे रेंगाळत होतं! रात्रभर ताऱ्यांची मोजमापं तपासली. सकाळी पोहे खाताना सुचलं, कॅमेऱ्याचं घड्याळ बघावं. चार सेकंद पुढे. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त धावतं. एका फ्रेमचा फरक म्हणजेच तीनशे मीटर. तेव्हा महागडी लेन्स राहू द्या, आधी वेळ सांभाळा. मोबाइलवर जीपीएसची वेळ सेकंदांसकट दाखवणारं ॲप घ्या आणि रेकॉर्डिंग बंद न करता फेरीच्या आधी आणि नंतर तो पडदा लेन्ससमोर धरा. पुढच्या वेळी एवढंच केलं, आकडे जुळले.

स्वेटर न्याच, डोंगरावर वारा बोचतो. जास्तीची बॅटरी खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. साधारण दीड तासानं पुढची फेरी असते, पण त्या दिवशी ती पश्चिमेला जेमतेम वर येऊन सावलीत जाणार होती. भाऊ थांबायचा हट्ट धरून बसला होता. त्याला इंदूरच्या सराफा बाजारातल्या गराडूची (तळलेल्या कंदाची) आठवण करून दिली, लगेच गाडीत बसला.