छेद शिकवणाऱ्या बाईंना छेद काढता येईना

नववीच्या गणितातला पहिलाच धडा, संच. ठाण्याच्या नौपाड्यात घरीच शिकवणी घेते मी. छेद संच (दोन्ही संचांत सामाईक असलेलं), संयोग संच (दोन्ही मिळून सगळं) इतकी वर्षं फळ्यावर वेन आकृत्या, म्हणजे एकमेकांत शिरलेली वर्तुळं काढून, खडूने रेघा मारून शिकवले, दोन मिनिटांचं काम. यंदा प्रश्नपत्रिका कॉम्प्युटरवर करायची हौस आली आणि अशाच एका आकृतीतल्या तीन वर्तुळांनी रविवारची अख्खी दुपार खाल्ली.

आकृत्या काढायचं लिबरऑफिस ड्रॉ फुकट मिळतं, तेच घेतलं. क्रिकेट, कबड्डी, बुद्धिबळ अशी वर्तुळं. रेघा मारायच्या त्या फक्त क्रिकेट आणि कबड्डी खेळणाऱ्या, पण बुद्धिबळ न खेळणाऱ्या मुलांच्या भागात. आधी सोपा मार्ग धरला, वर्तुळांना पारदर्शक रंग दिले. एकावर एक आले की गडद होतात, स्क्रीनवर झकास दिसलं. स्टेशनजवळ झेरॉक्स काढली तर सगळं राखाडी. दुकानातला मुलगा म्हणाला, "मॅडम, यात ओळखायचं काय?"

घरी येऊन पुन्हा बसले. दोन वर्तुळं निवडून राइट क्लिक केलं, तर शेप्समध्ये मर्ज, सबट्रॅक्ट, इंटरसेक्ट. इंटरसेक्ट म्हणजे छेदच की! दाबलं. मधली फाक उरली आणि दोन्ही वर्तुळं गायब. कंट्रोल झेड. पुन्हा दाबलं, पुन्हा गायब. चौथ्या वेळी डोक्यात प्रकाश पडला: हे मूळ आकारच कापतं. म्हणून आधी वर्तुळांची नक्कल दुसऱ्या पानावर न्यायची, कापाकापी तिथे करायची आणि तयार तुकडा परत आणून मूळ आकृतीवर बसवायचा.

फाक मिळाली, आता तिच्यातून बुद्धिबळ वजा करायचं. सबट्रॅक्ट केलं तर फाक नाहीशी आणि बुद्धिबळाच्या वर्तुळाचाच लचका तुटलेला! इथे माझा पाऊण तास गेला. चहा दोनदा गार झाला, यजमान "हाताने काढ ना" म्हणून गेले, त्याने आणखीच चिडले. कारण एवढंच, की ज्यातून कापायचं तो आकार सगळ्यात खाली लागतो आणि मी बुद्धिबळ आधी काढल्यामुळे तेच तळाशी होतं. फाकेला सेंड टू बॅक केलं, मग दोन्ही निवडून सबट्रॅक्ट. बरोब्बर हवा तो तुकडा! घरात कुणाला दाखवावं तर सगळे झोपलेले.

त्या तुकड्याला रंग देऊ नका, राइट क्लिक करून एरियामध्ये हॅच आहे, त्यातल्या तिरक्या रेघा द्या. झेरॉक्सलाही स्वच्छ उठतात. इंग्रज तर्कशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १८८० साली या आकृत्या मांडल्या तेव्हा निदान कंट्रोल झेड तरी करावं लागलं नाही.

हो, आणि मूळ वर्तुळांची भरणी 'नन' ठेवा. माझी पांढरी राहिली होती, तुकडा त्यांच्याखाली दडला आणि मी पुन्हा पहिल्यापासून करायला निघाले होते.